जिवंत माणसाची पांढरी बिछायत

आधी माफी मागून घेते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, आणि अक्षर असं आहे की खुर्च्यांसाठी दिलेली चिठ्ठी वाचून आमचा गडी एकदा कढया घेऊन गेला होता. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यातलीही चौथी अर्धी कापसाच्या शेतात झाली, त्यामुळे जोडाक्षर दिसलं की हात अजून अडखळतो. हे कोणी वाचावं असं नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागलंच, तर त्यानं लाल रेघा मारू नयेत. लाल रेघा मारणारे एक सर माझ्या वाट्याला येऊन गेले आहेत. तेवढे पुरे झाले.

लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात एका दिवाळी अंकाचे संपादक आमच्या धाड गावच्या दुकानात आले होते. म्हणाले, "ताई, तुमच्या धंद्यातला संघर्ष लिहा. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे." मी मान हलवली. पुढे त्यांनीच सांगितलं की मानधन नाही, पण दुकानाची पानभर जाहिरात दिली तर लेख नक्की छापतील. म्हणजे पाणी आधी माझ्याच डोळ्यात. तेव्हा त्यांना काही द्यायचं नाही असं ठरवलं. पण डोक्यात लिहायचं एकदा शिरलं ते निघेना, म्हणून माझं मीच लिहिते आहे.

आमचं बिछायत केंद्र आहे. शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं. लग्न असो की तेरवी, मंडप, कनाती, सतरंज्या, गाद्या, लोड, खुर्च्या, मोठी पातेली, सगळं आम्ही भाड्यानं देतो. दुसऱ्याच्या घरच्या प्रत्येक प्रसंगात आम्ही असतो आणि एकाही प्रसंगाला आम्हाला बोलावणं नसतं. हजारो कार्यक्रम पाहिले, ऐकला एकही नाही. आमचं लक्ष गाद्यांवर पान खाऊन कोण बसलं आहे याच्याकडे असतं.

गिऱ्हाईक तर काय एकेक. एका पुढाऱ्यानं स्वतःच्या सत्कारासाठी खुर्ची मागवली आणि अट घातली की पाहुण्यांच्या खुर्चीपेक्षा ती टीचभर उंच पाहिजे. आम्ही पायांखाली विटा दिल्या. सत्काराला उत्तर द्यायला साहेब उठले, खुर्ची एकीकडे गेली आणि ते दुसरीकडे. भाडं कापलं ते आमचंच. एका वरबापानं लोड परत केले तेव्हा आमच्या खोळींमध्ये त्यांच्या घरचा जुना कापूस होता आणि आमचा कापूस त्यांच्या नव्या गादीत. वर तो म्हणाला, "पाहा बा, खोळ तं तुमचीच हाय ना?" खोळ आमचीच होती.

पण आमच्या धंद्यातलं खरं शहाणपण पांढऱ्या बिछायतीत आहे. लग्नाला रंगीत, दुःखाला पांढरी. रंगीत बिछायतीचा इसार घेतल्याशिवाय बांबूसुद्धा हलवायचा नाही. पांढऱ्याचं उलटं. कोणी खालच्या आवाजात येऊन 'दुःखाचं आहे' म्हणालं की कोण गेलं हे विचारायचं नाही, भावाचं बोलायचं नाही आणि इसार तर घ्यायचाच नाही. तेरवी होऊन गेली की माणूस स्वतः येऊन पैसे देतो. हा रिवाज आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवला. मला तो फार आवडला. काहीच विचारायचं नाही, असा धंदा माझ्यासारखीला कुठे मिळणार?

मी लहानपणापासून लाजाळू. बसमध्ये उतरायचं गाव आलं तरी कंडक्टरला हाक मारायला मला जमत नसे. पुढच्या गावी उतरून चालत मागे येई. अशी मी, आणि मला दुपारी गल्ल्यावर बसायला मिळायचं, कारण मामाजींना जेवणानंतर झोप लागत असे. तेवढीच माझी नोकरी. बाकी दिवस चूल आणि खोळी शिवायचं मशीन. पण ती दुपार माझी होती. रस्त्यावरून कोण जातं, कोण येतं, सगळं दिसायचं आणि कोणी मला पाहायचं नाही. ती जागा सुटू नये एवढंच मला तेव्हा वाटत असे.

अशाच एका दुपारी सर आले. आमच्याच गावचे, रोज एसटीनं चिखलीच्या कॉलेजात शिकवायला जाणारे. नाव लिहीत नाही, नुसतं सर म्हणते. त्यांना कलेविषयी बोलताना आवाज खाली आणायची सवय होती. ती मला माहीत नव्हती.

"कार्यक्रम चिखलीत आहे," सर अगदी हळू म्हणाले. "अमेरिकेतले एक थोर बाबा. त्यांचा."

मी पदर सारखा केला आणि मान खाली घातली.

"त्यांच्या लोकांनी फार सोसलं हो. पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या शेतात राबले. दुःख, नुसतं दुःख. तेव्हा बैठक साधी पाहिजे. झगमगाट नको. गाणी आहेत, पण दुःखाची."

तेरवीला भजनी मंडळ आमच्याकडे असतंच. त्यात मला काही नवल वाटलं नाही. बाहेरदेशी गेलेल्या कोणा बाबांचे इकडे नातेवाईक असतील, असं धरलं. विचारलं फक्त एकच.

"फोटो मधोमध ठेवायचा का?"

"वा! अगदी मधोमध," सर खूश झाले. "मोठा करून आणला आहे मी." मग खिशात हात घालून म्हणाले, "इसार किती देऊ?"

"राहू द्या. आत्ता पैशाचं नको."

सरांनी खिशातला हात काढून मला नमस्कार केला. "धाडमध्ये कलेची एवढी कदर असेल असं मला वाटलं नव्हतं," म्हणाले. मला ते वाक्य कळलं नाही. पण दुःखात माणूस काहीही बोलतो आणि ते मनावर घ्यायचं नसतं, हेही मामाजींनी शिकवलं होतं.

त्या दिवशी आमचे हे मोठी गाडी घेऊन जानेफळच्या लग्नात अडकले होते. म्हणून छोट्या टेम्पोतून सलीमभाई आणि मी चिखलीला निघालो. सलीमभाई म्हणजे आमचा मंडप उभा करणारा माणूस, दुकानाइतकाच जुना. पांढऱ्या बिछायतीला घरची एक बाई बरोबर लागते, बायकांची बाजू लावायला. लोडशेडिंगमुळे कार्यक्रम उन्हं उतरताना ठेवलेला होता. सर बाबांना आणायला विश्रामगृहावर गेले होते, फोटो ठेवून. मैदानात आम्ही दोघंच.

लावली मग बिछायत. खोटं कशाला बोलू, तशी पांढरी बिछायत आम्ही पुन्हा कधी लावली नाही. मी नुकत्याच शिवलेल्या कोऱ्या खोळी, पांढऱ्या कनाती, पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी. मधोमध चौरंगावर फोटो. काळासावळा म्हातारा, डोक्यावर टोपी, डोळे हसरे. सलीमभाईनं गाडीतला झेंडूचा हार फोटोला घातला, मी उदबत्ती लावली.

"वहिनी, आदमी भला दिसून राह्यला," सलीमभाई फोटोकडे बघून म्हणाला. "अल्ला जन्नत दे त्याले."

लोक येऊ लागले. पत्रिका इंग्रजीत होती, म्हणून ती कोणी वाचलेली नव्हती. सरांनी बोलावलं म्हणून आले होते. आत पाऊल टाकलं की हार घातलेला फोटो दिसे. माणसं चपला काढत, हात जोडत आणि गप्प बसत. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. धान्याच्या बाजारातले एक वजनदार अडते आले. त्यांनी सलीमभाईला कानात विचारलं, "कोण गेलं बे?"

"अमेरिकेचे बाबा," सलीमभाईनं सांगितलं.

अडत्यांना श्रद्धांजलीची दांडगी सवय. ते कोणाच्या सांगण्याची वाट बघत नाहीत. उठले, फोटोला नमस्कार केला आणि सुरू झाले. बाबा किती साधे होते, गरिबांचे कसे कैवारी होते, मागच्याच वर्षी त्यांची भेट झाली तेव्हा त्यांनी पाठीवरून कसा हात फिरवला होता. अमेरिका आणि चिखली या दोन्ही ठिकाणी पोकळी झाली म्हणाले. मग सगळ्यांना उभं केलं, दोन मिनिटं शांततेसाठी.

आणि त्या शांततेत जीप आली.

सगळं मैदान माना खाली घालून उभं. मी बायकांच्या बाजूनं चोरून पाहिलं. जीपमधून फोटोतला म्हातारा उतरला. हातात गिटारीची पेटी. एवढे लोक आपल्यासाठी उभे आहेत हे पाहून त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि आमच्यासारखीच मान खाली घालून तोही उभा राहिला. स्वतःच्या श्रद्धांजलीला.

"वहिनी," सलीमभाई माझ्याजवळ येऊन कापऱ्या आवाजात म्हणाला, "मय्यत तो चलके आ गई वो!"

दोन मिनिटं संपली. बाबांनी मान वर केली, हार पाहिला, उदबत्ती पाहिली, पांढऱ्या कनाती पाहिल्या. सरांचा चेहरा कनातीच्या रंगाचा झाला. अडते लगबगीनं चप्पल शोधू लागले. बाबांनी सरांना काहीतरी विचारलं. सर इंग्रजीत चाचरत काहीतरी बोलले. आणि मग तो म्हातारा हसला. एवढा मोठा माणूस एवढं मोठ्यानं हसताना मी पाहिला नव्हता. पोट धरून, फोटोच्या चौरंगावर हात टेकून. हसणं ओसरल्यावर त्यानं स्वतःच्या फोटोला वाकून नमस्कार केला, सरांनी पुढे केलेली खुर्ची बाजूला सारली आणि पांढऱ्या गादीवर, फोटोच्या शेजारी, आमच्या लोडाला टेकून बसला. लोकांकडे बघून पुष्कळ बोलला. हात उंचावून, डोळे मिटून, मधेच आवाज जड होऊन. सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी भाषांतर केलं.

"बाबा म्हणतात, धन्यवाद."

मग त्यानं गिटार काढली. डाव्या हाताच्या करंगळीत काचेची नळी घातली आणि ती तारांवरून सरकवली. तार रडल्यासारखी वाजली. बाजारात रडतात तशी नाही, घरात रडतात तशी. पायानं चौरंगावर ठेका धरला. एक ओळ म्हणाला. तीच ओळ पुन्हा म्हणाला, जसं पहिल्या वेळी कोणी ऐकलंच नाही. मग तिसरी ओळ त्यावर उत्तरासारखी. एवढंच. परत तसंच. या गाण्याला ब्लूज म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी रेडिओवर कळलं. तेव्हा वाटलं ते एवढंच, की आमच्याकडे बायका गळा काढतात तेही असंच आहे. एक बोल दोनदा, मग त्याचं कारण.

बायकांच्या बाजूला लुगडं नेसलेली एक आजी होती. चिखलीत कोणाचीही मयत असो, ती न बोलावता येत असे. तिनं आधीच डोळे भरून ठेवले होते. पहिली ओळ दुसऱ्यांदा आली तशी तिनं गळा काढला. शेजारीण कोपर मारून म्हणाली, "आजे, चूप! जिवंत हाय तो, समोर बसला!"

"राहू दे जिवंत," आजी हुंदके देत म्हणाली. "निंगालेलं रडणं आता मागं कसं घेऊ मी?"

बाबांनी ऐकलं. थांबले नाहीत. आजीनं सूर काढला की ते तारेनं उत्तर देऊ लागले. ती थांबली की ते गात. असं कितीतरी वेळ चाललं. सर कपाळाला हात लावून बसले होते. कलेचं असं काही व्हावं हे त्यांच्या पत्रिकेत नव्हतं.

आता माझं. माझी आई त्याच्या आदल्या लग्नसराईत गेली होती. माहेरी बिछायत आमच्याच दुकानाची गेली. मामाजींनी भाडं घेतलं नाही, तेवढा मोठेपणा केला. पण मी आईच्या तेरवीला बसले होते ते सतरंजीवर डाळ कोण सांडतं ते पाहत. रडायचं राहूनच गेलं. मग लग्नांच्या खोळी शिवायच्या होत्या. त्या दिवशी चिखलीच्या मैदानात, अनोळखी भाषेतल्या गाण्याला, मी पदराचा बोळा तोंडात धरून रडले. गाद्यांवर पान खाऊन कोण बसलं हे मी त्या दिवशी पाहिलं नाही. एका गादीवर डाग पडलाच. तो निघाला नाही.

जाताना बाबा सलीमभाईला भेटले, हात हातात घेतला. माझ्याकडेही बघून टोपी उचलली. मी अर्थातच कनातीमागे गेले.

दुसऱ्या दिवशी मामाजींना सगळं कळलं. ते पलंगावर उठून बसले.

"काऊन वं, मेल्याबिगर पांढरी लावली तुम्ही?"

"त्यांनी दुःखाचं सांगितलं, मामाजी."

"अन्‌ इसार?"

मी पावती पुढे केली, इसाराचा रकाना कोरा.

"ज्यानं आर्डर घेतली त्यानंच पैसे आणा लागते. पैसे येईस्तोवर गल्ल्याकडे पाहू नको."

म्हणजे माझी दुपार गेली. आमचे हे भिंतीकडे बघत राहिले. भिंतही यांच्याइतकंच बोलली.

मी सरांच्या घरी गेले. तिथे जाईपर्यंत वाक्य पाठ करत होते. सरांच्या बायकोनं चहा दिला, मी तो प्यायले, आणि वाक्य चहाबरोबर पोटात गेलं. शेवटी सरांनीच विषय काढला.

"पैशासाठी आलात ना? माझी चिखलीत काय शोभा झाली याची कल्पना आहे तुम्हाला? पाहुणे कलावंत, आणि त्यांना हार? मी नुकसानभरपाई मागत नाही, यातच समजा." मग आमच्या पावतीवर लाल पेनानं रेघ मारली. 'बिछायत' मधला माझा ऱ्हस्व-दीर्घही दुरुस्त करून दिला. फुकट.

मी परत येऊन मशीनवर बसले. ते गाणं शब्दांशिवाय डोक्यात होतं, पायानं मशीनचा ठेका धरला की आपोआप येई. तसं गुणगुणत मी तो उन्हाळा काढला. पावसाळ्यात त्या अडत्यांची आई गेली आणि त्यांचा माणूस चिखलीहून थेट धाडला आला. "अमेरिकेच्या बाबाले लावली होती तशी पांढरी पाह्यजे," म्हणाला. मग दुसरा आला, तिसरा आला. चिखलीत कोणी गेलं की आमचा टेम्पो निघू लागला. एक दिवस मामाजी जेवून उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पांढऱ्याचं तूच पाह्य आता. मले झोप येते." गल्ला परत मिळाला. माफी कोणी मागितली नाही. आमच्याकडे तो माल भाड्यानंही मिळत नाही.

पण सरांचे पैसे मामाजींनी कधी सोडले नाहीत. दर दिवाळीला पूजा झाली की विचारत, "अमेरिकेवाल्याचे आले काय वं?" शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात नाकात नळी होती, तेव्हाही मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही आशीर्वाद देतात. हळूच म्हणाले, "आले काय?" त्यानंतर ते बोललेच नाहीत. सर मात्र बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानासमोर आले की रस्ता ओलांडून पलीकडून जात. इतकी वर्षं. तिकडे नाली उघडी होती तरी.

आता मामाजी नाहीत, सलीमभाई नाही. गल्ल्यावर मी पूर्ण दिवस बसते. मुलानं एक बोलकी डबी आणून ठेवली आहे. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून पैसे टाकले की ती मोठ्यानं सांगते. मला फार सोयीची आहे.

मागच्या आठवड्यात सर रस्ता न ओलांडता थेट दुकानात आले. पंच्याहत्तरी झाली आहे, शिष्यांनी सत्कार ठेवला आहे, चिखलीत मोठे समारंभवाले आहेत पण भाव परवडत नाहीत, असं सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. वय झालं तरी आवाज तसाच, खालचा.

"जरा भारदस्त पाहिजे बैठक," म्हणाले. "माझा एक मोठा फोटो करायला टाकला आहे."

मी खोळ शिवत होते. मान वर न करता विचारलं, "मधोमध ठेवायचा का?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना काही कळलं नाही. सर हळूच खुर्चीवर बसले.

"रंगीत लावा हो," ते म्हणाले. "रंगीतच लावा."

मी चहा मागवला. तो त्यांनी पिईपर्यंत मी शिवण पुरी केली. धाडस करून एवढंच विचारलं, जे मला इतकी वर्षं विचारायचं होतं.

"सर, त्या दिवशी बाबा एवढं काय बोलले होते?"

सरांनी कप खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू? त्यांचं इंग्रजी मला एक अक्षर कळलं नाही."

मला हसू आलं नाही. वाईटच वाटलं. म्हणजे ते आता कोणालाच कधी कळणार नाही.

"जुनं किती होतं?" सरांनी विचारलं.

"नऊशे चाळीस."

"व्याज?"

"व्याजात चहा झाला."

त्यांनी मोबाइल काढला, चष्मा वर केला. मग म्हणाले, "वरचे चाळीस सोडा. नऊशे करतो. जुनी गोष्ट आहे."

मी सुई ओवत राहिले. डबी मोठ्यानं बोलली, "नऊशे रुपये प्राप्त झाले." दोन्ही गिऱ्हाइकांनी मान वळवून सरांकडे पाहिलं. सर उठले, दारापर्यंत गेले, तिथे थांबले. बाहेर ऊन होतं, पलीकडे ती नाली होती. मी मशीनवर पाय ठेवला आणि ठेका धरला, तो जुनाच. सर दारात पाठमोरे उभे, हातात मोबाइल.

डबी पुन्हा बोलली, "चाळीस रुपये प्राप्त झाले."

"आले, मामाजी," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले.